रविवारी येशील, त्याआधी

नागपूर, डिसेंबरअखेर

प्रिय बेटा,

"मावशी, मला कुत्री खूप आवडतात, तुमच्या प्राणी-पक्षी वाचवणाऱ्या ग्रुपमध्ये येऊ का?" असं तू परवा जिन्यात विचारलंस. मी घाईत होते. नुसतं "ये" म्हटलं आणि निघाले. तेवढ्यावर तुला बोलावणं बरोबर नाही, म्हणून हे पत्र.

आवड आहे, छानच आहे. पण मानेतल्या जखमेत अळ्या पडलेलं कुत्रं जवळ येणाऱ्या प्रत्येक हाताला घाबरतं. ते गुरगुरेल, चावेलही. म्हणून आधी लस. रेबीजची लस चावण्याआधीच घेता येते, 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी. पहिला डोस याच आठवड्यात घे. तिन्ही होईपर्यंत कुत्र्या-मांजरांना हात लावायचा नाही. आणि पुढे कधी चावलं किंवा ओरखडलं, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. आधी लस झालेली असली तरी दोन डोस पुन्हा लागतात. या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

तोवर रिकामे पिंजरे धुणं, चादरी वाळत घालणं, वाट्या घासणं, वहीत वजनं लिहिणं. कंटाळवाणं वाटेल. माझा आनंद मात्र तिथेच सुरू झाला. पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबाचा जीवघेणा आजार, झालेलं एक पिल्लू चार दिवस सलाईनवर होतं, पाण्याचा थेंबही पोटात ठरत नव्हता. पाचव्या सकाळी वाटी उचलायला गेले तर ती चाटून चकचकीत केलेली! त्या स्टीलच्या वाटीकडे मी किती वेळ बघत बसले होते. घरी सांगितलं असतं तर "बरं, मग?" म्हणाले असते. ग्रुपमधल्यांना सांगावंच लागलं नाही. आधीच्या चार सकाळी त्यांनीही ती वाटी भरलेलीच पाहिली होती.

पक्ष्यांच्या कामात तुला लगेच घेऊ, कारण संक्रांत तोंडावर आली आहे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्येच देशभर बंदी घातली, तरी गच्च्यांवरच्या चक्र्यांमध्ये तो दिसतोच. तो कुजत नाही, म्हणून "ओऽ काट"चा आवाज थांबल्यावरही कित्येक आठवडे फुटाळा, अंबाझरी तलावांच्या बाजूच्या झाडांवर घारी लटकलेल्या सापडतात.

घार खाली उतरवली की पहिल्यांदा तिच्या डोक्यावर कापड टाकायचं. अंधार झाला की ती शांत होते. मग पाय धरायचे, कारण खरी इजा नखांनी होते. मांजा ओढायचा नाही, कधीच नाही. ओढलास की तो मांसात आणखी खोल जातो. दोन्ही बाजूंनी कात्रीनं कापायचा आणि रुतलेला तुकडा डॉक्टरांसाठी तसाच ठेवायचा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून थेट सेमिनरी हिल्सवर, वनविभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला न्यायचं. चोचीत पाणी ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं. मे महिन्यात, नवतप्याच्या कडक उन्हात पक्षी धापा टाकत खाली पडतात, तेव्हाही हाच नियम, आधी सावली. आणि घरी ठेवून घ्यायचं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ते चालतच नाही, अगदी पोपटसुद्धा नाही.

मागे अशीच एक घार आम्ही पोचवली होती. पंखाची पुढची कातडी फाटलेली. बरी व्हायला कित्येक आठवडे लागले. सोडायच्या दिवशी मलाही बोलावलं होतं. खोकं उघडलं तरी ती लगेच उडाली नाही. काठावर चढली, पंख झटकले, थोडा वेळ वर बघत राहिली. मग उडाली ती सरळ वर घिरट्या घालणाऱ्या घारींमध्ये. दोनच मिनिटांत त्यातली आपली कोणती, हे आमच्यापैकी कुणालाच ओळखता येईना. मला इतकं बरं त्याआधी क्वचितच वाटलं असेल!

कुत्र्यांचंही तसंच. नसबंदी आणि रेबीजची लस झाली की ओळखीसाठी कानाला खूण करतात आणि ज्या गल्लीतून आणलं त्याच गल्लीत सोडतात. गाडीतून उतरल्याबरोबर ते आपला नेहमीचा ओटा हुंगायला धावतं, आपल्याकडे ढुंकूनही बघत नाही. तुला पहिल्यांदा वाईट वाटेल. वाटू दे.

काही जगणारही नाहीत. त्या संध्याकाळी एकटी घरी जाऊ नकोस, माझ्याकडे चहाला ये. बोललीच पाहिजेस असं नाही.

कॉलेज सांभाळून महिन्याचे दोनच रविवार दे, पण ठरलेले दे. ज्या दिवशी तू येत नाहीस, त्या दिवशीही पिंजरे धुवावेच लागतात.

तर रविवारी सकाळी 7 वाजता खाली थांब, माझ्याच गाडीवर जाऊ. पूर्ण बाह्यांचा जुना कुर्ता आणि बंद बूट घाल, कानात लोंबतं काही नको. घरात जुन्या चादरी आणि रद्दी असेल ती आण. आईला मी सांगितलं आहे, लसीचंसुद्धा.

तुझी,
मावशी