आजोबांच्या विंचेस्टर १८९७ पंप-अ‍ॅक्शन बंदुकीला नाशिकमध्ये नवं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) करून घ्यावं का?

नका करू. संग्राहक मूळ ब्लूइंगलाच मोल देतात, मग ते विटलेलं का असेना. आणि बफिंगच्या चाकावर गेलेलं पोलाद परत भरून येत नाही. आधी कुणी हात मारलाय का तेही बघा: नळीवरची अक्षरं बोथट, रिसीव्हरच्या (यंत्रणा बसवलेल्या मधल्या भागाच्या) कडा गोलसर, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा दिसला तर पॉलिश झालेलीच आहे. नळी सुटी होणारं टेकडाउन मॉडेल असेल तर रिसीव्हरखालचा आणि नळीकडच्या भागावरचा नंबर जुळायला हवा. नाही जुळला तर दोन बंदुकांची एक केलेली असते, किंमत खरी तिथे पडते.

वरवरच्या तांबेऱ्याला गन ऑइल आणि ०००० नंबरची स्टील वूल पुरते, तीही हलक्या हाताने. सँडपेपर अजिबात नको. नाशिकच्या पावसाळ्यात चामड्याच्या कव्हरात ठेवू नका, चामडं ओल धरतं. गंजाने खड्डे पडले असतील तर मात्र परवानाधारक गनस्मिथकडेच द्या.

चालवायची असेल तर आधी चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं तो भाग, मोजून घ्या. सुरुवातीच्या १२ बोअरचा चेंबर २ ५/८ इंची असतो. आजचं ७० मिमी काडतूस त्यात बसतं, पण उडताना त्याचं तोंड पूर्ण उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो.

हे सगळं बंदुकीचा परवाना तुमच्या नावावर झाल्यावर. त्यासाठी शहरात असाल तर पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय.