सरपण ओढायला ट्रेलची मशीन? माझं ऐका, थांबा

उत्तर कॅनडातल्या यलोनाइफमधला पहिला हिवाळा, तळ्यापलीकडच्या केबिनवर सरपण न्यायचंय, ट्रेलवर पळवायची जुनी स्नोमोबाइल (हिमावर चालणारी मोटरगाडी) स्वस्तात मिळतेय, तिला मागे हुक लावून भागेल का, असं तुम्ही विचारलंय. वाचून छातीत धस्स झालं. नऊ वर्षांपूर्वी मी हाच प्रश्न एका दुकानात विचारला होता. काउंटरवरचा माणूस म्हणाला, ‘ओढेल की, ताकद भरपूर आहे.’ ताकद होतीच. अडलं दुसरीकडेच.

डिसेंबरचा दिवस, उणे 25. स्लेजवर, म्हणजे मागे ओढायच्या घसरगाडीवर, दोनेकशे किलो लाकूड लादून मी ग्रेट स्लेव्ह लेकच्या खाडीवरून निघालो. वाऱ्याने वरचा हिम झाडून नेला होता, खाली नुसता काचेसारखा कडक बर्फ. थोड्या वेळाने इंजिन तापल्याचा दिवा लागला. एवढ्या थंडीत इंजिन तापेल हे माझ्या मनाला पटेचना! सेन्सर बिघडला असेल असं समजून मी तसाच पुढे रेटत राहिलो. माझी सगळ्यात महागडी चूक ती हीच.

त्या मशीनला पुढे रेडिएटर-पंखा काही नव्हता. इंजिनातलं गरम पाणी सीटखालच्या बोगद्यातल्या नळ्यांतून फिरतं आणि ट्रॅकने, म्हणजे खाली फिरणाऱ्या रुंद रबरी पट्ट्याने, उडवलेला हिम त्या नळ्यांवर आदळून ते थंड होतं. हिमच उडाला नाही तर थंडावा येणार कुठून? ट्रॅकच्या आतल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनाही तोच हिम लागतो. माझ्या पट्ट्या वितळल्या, पिस्टन जाम झाला. तीनच्या सुमाराला सूर्य मावळतो तिथे आणि बायको-मुलं केबिनवर वाट बघत होती. ती संध्याकाळ आठवली की आजही हात गार पडतात.

जवळच्या डेट्टाह गावचे एक वयस्कर गृहस्थ त्यांच्या रुंद ट्रॅकच्या मशीनवरून आले. लो गिअर टाकून त्यांनी माझी बंद मशीन आणि लाकडाची स्लेज, दोन्ही एकामागे एक बांधून ओढत नेली. कामाची मशीन कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

दुकानाने पुढे काय केलं? ‘मर्यादेपेक्षा जास्त भार’ म्हणून वॉरंटी नाकारली. मर्यादा पुस्तिकेत छापलेली होती. विकताना कोणी ते पान उघडून दाखवलं नाही. मीही मागितलं नाही. तुम्ही मागा, आणि ओढायचा आकडा लिहून घ्या.

माझं मत स्पष्ट आहे: ओढायचं असेल तर युटिलिटी, म्हणजे ओझ्याच्या कामाची मशीनच घ्या, जुनी चालेल. ट्रेलच्या मशीनचा ट्रॅक सहसा 15 इंच रुंद असतो. स्कॅन्डिक या युटिलिटी मशीनच्या रुंद ट्रॅकच्या मॉडेलचा 20 इंच रुंद आणि 154 इंच लांब, काही मशीनना तर 24 इंची. वजन पसरतं, भुसभुशीत हिमात ती रुतत नाही. लो गिअर हवाच, नाहीतर जड ओझ्याने हळू चालताना इंजिनाची ताकद ट्रॅककडे नेणारा बेल्ट जळतो (जादा बेल्ट कायम सोबत ठेवा). मागचं सस्पेन्शन सांध्यात वाकणारं असेल तर रिव्हर्स घेताना ट्रॅक हिमात खड्डा खणत नाही. आणि इंजिन पंख्याने थंड होणारं, किंवा पाण्याचं असलं तरी वेगळा रेडिएटर-पंखा असलेलं बघा.

पंखा नसेलच तर स्क्रॅचर लावून घ्या, म्हणजे बर्फ खरवडून वर उडवणारे काटे. रिव्हर्स घेण्याआधी साधे काटे वर उचला, नाहीतर मोडतात. दिवा लागला की त्याच क्षणी थांबा.

स्लेज दोरीने कधीही बांधू नका. ब्रेक दाबला की ती मागून येऊन आदळते. कडक दांडाच हवा.

दुसरा शत्रू स्लश, म्हणजे पाणी आणि हिमाचा चिखल. हिमाच्या वजनाने तळ्याचा बर्फ खाली दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि हिमाच्या पांघरुणाखाली उणे 30 मध्येही गोठत नाही. वरून काही दिसत नाही. त्यात शिरलात तर वेग सोडू नका. अडकलात तर ट्रॅक उचलून खाली स्प्रूसच्या फांद्या घाला आणि ट्रॅकमधला चिखल गोठायच्या आत काढा. रात्री मशीन उभी करतानाही खाली फांद्या किंवा लाकडं ठेवावीत, नाहीतर सकाळी ट्रॅक जमिनीला चिकटलेला सापडतो.

मी मेकॅनिक नाही, हे सगळं माझ्या एका खाडीवरचं. नोंदणी आणि विम्याचं शहरातच विचारा, नियम बदलत असतात. बर्फाच्या जाडीबाबत मात्र माझ्या किंवा कोणाच्याच अंदाजावर जाऊ नका: कॅनेडियन रेड क्रॉस स्नोमोबाइलसाठी 25 सेंटिमीटर सांगते, ते स्वतः भोक पाडून मोजा, आणि एकाच जागी नव्हे. मुलांना स्लेजमध्ये बसवणार असाल तर धूर थेट त्यांच्या तोंडावर येतो, दांडा लांब घ्या.

त्या जुन्या मशीनच्या ट्रॅकची रुंदी किती आणि पुढे रेडिएटरला पंखा आहे का, एवढं बघून इथे लिहा. पैसे त्यानंतरच द्या.