निम्मं कांदळवन मेलं, तरी चिखलात इतके जीव दिसतात. मग बिघडलं काय?

तुम्ही लिहिलंय की रस्त्याच्या भरावानंतर गावालगतची निम्मी तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, वाळली, तरी ओहोटीला चिखल नुसता वळवळतोय. तुम्ही बघितलंत ते खरंच आहे. फक्त किती जीव आहेत यापेक्षा कोण आहेत हे बघा.

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी ठाणे खाडीच्या काठावर ओहोटी गाठून चिखल गोळा करायचे. (घरी आल्यावर आई आधी मोरीत पिटाळायची, एवढा वास.) तो चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर धुवायचा आणि वर उरेल ते मोजायचं. दाट तिवरांखालच्या नमुन्यात आकडा बेताचा, पण प्रकार बरेच: बारीक खेकडे, शिंपल्या, गोगलगायी, निरनिराळे कृमी. सांडपाण्याच्या नाल्याजवळ नेमकं उलट. लाल दोऱ्यासारखे कृमी ढिगाने, बाकी जवळजवळ शुकशुकाट.

याचं कारण प्राणवायू. सांडपाणी कुजताना चिखलातला प्राणवायू संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड साचतो, तोच तो सडक्या अंड्याचा वास. बहुतेक जीवांना हा वायू विषारी. पण कॅपिटेलासारखा कृमी तिथेही तगतो. त्याच्या अंगात प्राणवायू धरून ठेवणारं हिमोग्लोबिन असतं, पिढी काही आठवड्यांत तयार होते आणि स्पर्धा करायला कोणी उरलेलं नसतं. म्हणून जगभर त्याची गर्दी दिसली की प्रदूषणाची शंका घेतात.

झाडं गेल्यावर खेकड्यांतही अदलाबदल होते. सावलीत राहून गळलेली पानं बिळात ओढणारे खेकडे कमी होतात, कारण पानंच नाहीत आणि ऊन थेट चिखलावर. उघड्या चिखलावर मग फिडलर खेकडे पसरतात, नराची एक नांगी भलीमोठी असते ते. वरवरचं शेवाळ खाऊन ते चिखलाच्या बारीक गोळ्या टाकत जातात. तुम्हाला दिसलेली वळवळ बहुधा यांचीच. दिसायला छान, पण पानं चिखलात गाडायचं काम ते करत नाहीत.

फ्लेमिंगो येतात म्हणजे चिखल चांगलाच ना, असंही विचारलंत. छोटा फ्लेमिंगो मुख्यतः सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, आणि शेवाळाला सांडपाण्यातलं खत मानवतं. ठाणे खाडी २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेली याचा आनंद मलाही झाला. पण गुलाबी थवे बघून चिखलाची तब्येत ठरवू नका.

त्यापेक्षा फावडं घ्या आणि वीतभर खोल चिखलाचा एक काप उभा काढा. वरचा तपकिरी थर म्हणजे प्राणवायू पोचलेला भाग, खालचा काळा म्हणजे न पोचलेला. आता खेकड्याचं बीळ मधोमध कापलं जाईल असा दुसरा काप घ्या. काळ्या चिखलातही बिळाच्या भिंतीला तपकिरी, गंजासारखी कडा दिसेल. खेकडा तिथवर पाणी आणि हवा नेतो, म्हणून. तुमच्याकडे तपकिरी थर कागदाएवढाच असेल आणि खोल बिळं नसतील, तर वरची वळवळ फसवी आहे.

रोपं लावायची घाई मात्र नको. तुमच्या वर्णनावरून मला संशय भरावाचाच आहे. आतलं पाणी ओहोटीलाही उतरलं नाही तर तिवरांची चिखलाबाहेर डोकावणारी श्वासमुळं बुडून गुदमरतात, आणि भरती आत आलीच नाही तर चिखल तापून खारट होतो. दोन्हींत नवी रोपं मरतात. शिवाय खेकडे-शिंपल्यांची पिल्लं पाण्यातूनच येतात, वाट बंद म्हणजे तीही बाहेर. अमावास्येच्या उधाणाला भरावाच्या दोन्ही बाजूंना एकेक काठी रोवा, पाणी कुठवर चढलं आणि किती वेळाने उतरलं त्याच्या खुणा करा. दोन्हीकडच्या खुणांत बराच फरक आला तर भरावाखालून पाणी जायची मोरी तुंबली असेल किंवा ठेवलेलीच नसेल. त्या काठ्यांचे आणि चिखलाच्या कापाचे फोटो इथेच टाका, मी बघते.