जपानमध्ये तिकीट न काढता काय काय पाहता येईल?

तुम्ही लिहिलंय की स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहात, एका मित्राबरोबर मार्चअखेरीस आठ दिवस टोकियो आणि क्योटोला निघालात, साठवलेले पैसे विमानाच्या तिकिटातच गेले, आणि आता प्रवेशशुल्क नसलेली ठिकाणं हवी आहेत.

मी क्योटोत दोन वर्षं शिकायला होतो. शिष्यवृत्ती महिनाअखेरीपर्यंत पुरवायची म्हणजे सुट्टीच्या दिवशी पायी भटकणं आलंच. त्यातून कळलेली पहिली गोष्ट ही, की जपानमध्ये खिसा रिकामा होतो तो प्रवासात. टोकियो ते क्योटो शिंकान्सेनने (म्हणजे बुलेट ट्रेनने) एका बाजूचे माणशी चौदा हजार येनच्या आसपास लागतात. रात्रीची बस बरीच स्वस्त पडते, शिवाय एका रात्रीचं राहण्याचं भाडं वाचतं. तेव्हा वीस फुकट ठिकाणांची यादी घेऊन शहरभर मेट्रोने धावू नका. एक भाग धरा आणि दिवसभर तिथेच चाला.

तुम्ही स्थापत्यवाले आहात म्हणून क्योटोतला माझा सगळ्यात आवडता रस्ता आधी सांगतो. तो एका कालव्याच्या काठाकाठाने जातो.

१८६९ साली सम्राट टोकियोला गेले आणि हजार वर्षांच्या या राजधानीची रया गेली. शहराला पुन्हा उभं करायचं म्हणून गव्हर्नर कितागाकी यांनी डोंगरापलीकडच्या बिवा सरोवराचं पाणी बोगद्यांतून क्योटोत आणायचं ठरवलं. काम कोणावर सोपवलं असेल? तानाबे साकुरो या तरुणावर. त्याने कॉलेजच्या प्रबंधासाठी हाच कालवा अभ्यासला होता. १८८३ मध्ये तो कामावर आला तेव्हा जेमतेम एकविशी ओलांडलेली, म्हणजे तुमच्याच वयाचा. १८८५ मध्ये खोदाई सुरू झाली आणि १८९० मध्ये पाणी शहरात आलं. पुढच्याच वर्षी त्या पाण्यावर वीजही तयार होऊ लागली. जपानमधलं लोकांना वीज विकणारं ते पहिलं जलविद्युत केंद्र.

केआगे स्थानकाबाहेर पडलात की जवळच ५८२ मीटर लांबीचा उतार लागतो. इथे चढ इतका, की होड्या पाण्यातून पुढे जाऊ शकत नव्हत्या. म्हणून त्या चाकांच्या गाड्यांवर चढवून रुळांवरून वर-खाली नेत. रूळ अजून तिथेच आहेत आणि तुम्ही जाल त्या दिवसांत दोन्ही बाजूंचे साकुरा, म्हणजे चेरीची झाडं, बहुधा फुललेले असतील. जवळच तानाबेचा पुतळा आहे. उताराखालून विटांचा एक छोटा बोगदा जातो, त्यात दोन मिनिटं थांबून वर बघा. विटा सरळ थरांत नाहीत, मळसूत्रासारख्या पीळ देऊन बसवल्या आहेत. बोगदा वरच्या रुळांना तिरका छेदतो, आणि होड्यांसकट येणारा भार पेलायला तशी रचना केली. पुस्तकात तिरकी कमान शिकलो होतो, पण ती डोक्यात शिरली या बोगद्यात उभा राहिल्यावर. पायथ्याशी कालव्याचं संग्रहालयही आहे, तेही विनाशुल्क. फक्त सोमवार टाळा.

बोगद्यातून पलीकडे निघालात की पाच-दहा मिनिटांत नानझेन-जी हे झेन मंदिर येतं. आवार सगळ्यांना खुलं आहे, आतल्या बागांना आणि मोठ्या दरवाजावर चढायला पैसे पडतात. ते सोडा आणि मागच्या बाजूला जा. तिथे मंदिराच्या अंगणातून लाल विटांच्या कमानींवर १८८८ सालचा जलसेतू गेला आहे, ९३ मीटर लांबीचा. शेजारच्या चढावरून वर गेलात तर त्यातून आजही खळाळत जाणारं पाणी दिसतं. शेकडो वर्षांच्या देवळात असलं परदेशी थाटाचं बांधकाम कशाला, अशी टीका तेव्हा झाली होती. आज त्या कमानी शेवाळल्या आहेत आणि मंदिराच्याच वाटतात.

गंमत म्हणजे सेतूवरचं हेच पाणी पुढे ‘तत्त्वज्ञाच्या वाटे’शेजारून वाहतं. निशिदा कितारो हे तत्त्वज्ञ तिथे चिंतन करत फिरत, म्हणून ते नाव. सुमारे दोन किलोमीटरची वाट आहे. मधेच उजवीकडे होनेन-इन लागेल, शाकारलेल्या दरवाजाचं छोटंसं देऊळ. मला विचाराल तर तिकीट लागणाऱ्या निम्म्या देवळांपेक्षा तिथली शांतता मोलाची आहे. वाट गिन्काकु-जी या देवळापाशी संपते. तिथे तिकीट आहे, तेव्हा तसेच पश्चिमेला चालत कामो नदीच्या संगमावर या. नदीत कासवांच्या आकाराचे दगड टाकलेत, त्यांवरून उड्या मारत पलीकडे जाता येतं. संध्याकाळी तिथे विद्यार्थीच विद्यार्थी असतात. सुपरमार्केटमध्ये रात्री उशिरा जेवणाच्या डब्यांवर निम्म्या किमतीचे स्टिकर लागतात. तो डबा घ्यायचा आणि काठावर बसायचं. शाकाहारी असाल तर मात्र जपून, भाज्यांच्या रश्श्यातही माशांचा अर्क असतो.

फुशिमी इनारी हे लाल कमानींच्या रांगांचं देवस्थान तुमच्या यादीत असेलच. रात्रंदिवस उघडं, विनाशुल्क, क्योटोहून लोकलने दुसरं स्थानक. पहाटे सहाला पोचा. आठनंतर तोरी कमानींपेक्षा माणसंच जास्त दिसतात. डोंगर फक्त २३३ मीटरचा आहे, माथ्यापर्यंत जाऊन यायला दोनेक तास धरा.

एक दिवस क्योटोजवळच्या नारा शहरासाठी काढा. हरणांचं उद्यान मोकळं आहे, तोदाई-जी या मंदिराच्या महाद्वारातले १२०३ सालचे प्रचंड लाकडी द्वारपालही तिकिटाशिवाय दिसतात. पण इथे मी तुम्हाला पैसे खर्च करायला सांगणार आहे. महाबुद्धाच्या सभागृहाचे आठशे येन द्या. ७५२ साली या मूर्तीचे डोळे उघडण्याचा, म्हणजे बुबुळं रंगवण्याचा विधी बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हातून झाला. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या धरल्या होत्या, त्या पुण्यात सगळ्यांचा वाटा असावा म्हणून. तिथे उभं राहून हे आठवलं की अंगावर काटा येतो. नंतर त्याच आवारातल्या निगात्सु-दो या देवळाच्या सज्ज्यात सूर्यास्तापर्यंत बसा. त्याला तिकीट नाही.

टोकियोबद्दल थोडक्यात सांगतो. मेइजी जिंगू या देवस्थानाचं जंगल, पूर्वीच्या एदो किल्ल्याच्या जागेवरची राजवाड्याची पूर्व बाग (सोमवारी आणि शुक्रवारी बंद), टोकियो स्थानकासमोर टोकियो विद्यापीठाने मांडलेलं इंटरमीडियाटेक हे संग्रहालय, सगळं विनामूल्य. असाकुसा भागातल्या सेन्सो-जी मंदिराला सगळेच जातात. तिथून नदीच्या दिशेने दहाएक मिनिटं चाललात तर मात्सुचियामा शोदेन हे देऊळ लागतं. हा आपला गणपती! जपानी लोक त्याला कांगितेन किंवा शोदेन म्हणतात. मूर्ती कोणाला दाखवत नाहीत आणि नैवेद्याला मुळा असतो. पांढरेशुभ्र मुळे हातात घेऊन पायऱ्या चढणारे लोक बघून मला घरच्या चतुर्थीची आठवण आली होती.

टोकियोच्या शेवटच्या संध्याकाळी शिंजुकूला महानगर सरकारच्या इमारतीत ४५ व्या मजल्यावर जा. २०२ मीटरवरून अख्खं शहर दिसतं, एक पैसा लागत नाही. उतरून पंधराएक मिनिटं चाललात की शिंजुकूचं बसस्थानक. क्योटोची रात्रीची बस तिथूनच धरा.

ती बस तुम्हाला भल्या पहाटे क्योटो स्थानकासमोर उतरवेल, तेव्हा दुकानं बंद आणि खोलीही मिळायची नसते. सरळ उत्तरेला सात-आठ मिनिटं चाला. हिगाशी होंगान-जी हे मंदिर मार्चमध्ये सहाच्या आधीच उघडतं. बूट काढून पिशवीत घाला आणि जगातल्या सर्वांत मोठ्या लाकडी वास्तूंपैकी एका वास्तूत चटयांवर टेका. दोन सभागृहांमधल्या मार्गिकेत काचेमागे एक जाड काळा दोर ठेवलाय, तो नक्की बघा. १८९५ मध्ये पूर्ण झालेल्या या बांधकामात साधे दोर तुटत होते, म्हणून ठिकठिकाणच्या बायकांनी आपले केस कापून पाठवले. त्या केसांचा वळलेला दोर आहे तो.