छोट्या गावातल्या भुताच्या सिनेमात उलगडा नेमका कुठे करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भुताच्या सिनेमाची पटकथा लिहिताय, गोष्ट एका छोट्या गावात घडते, पहिली ३० पानं जमलीत, शेवट डोक्यात पक्का आहे, पण मधली ६० पानं रखडतायत. मग उलगडा कुठे करावा आणि भूत किती वेळा दाखवावं? जाता जाता तुम्ही असंही लिहिलंय की तुमचा एक मित्र म्हणतो, ‘जुनी घटना सुरुवातीलाच दाखवून टाक, प्रेक्षक खुर्चीला खिळून बसेल.’

त्या मित्राच्या वाक्यामुळे लिहायला बसलोय. सहा वर्षांपूर्वी हेच वाक्य मी ऐकलं होतं आणि मान डोलावली होती. त्यात एक पटकथा गेली आणि एक मैत्रीही. पटकथेचे तीन अंक, एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट वगैरे तुम्हाला ठाऊक आहे हे तुमच्या हिशेबावरूनच दिसतंय, ते सोडून देतो.

मी आणि माझा एक मित्र मिळून लिहीत होतो. आमच्या गोष्टीतल्या गावात एक कारखाना होता, १९ वर्षांपूर्वी बंद पडलेला. आत यंत्रं नाहीत, वीज नाही. तरी रोज पहाटे सहाला त्याचा भोंगा होतो. गावातली माणसं त्यावर घड्याळं लावतात, पोरं शाळेसाठी उठतात, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. शाळेत नव्याने रुजू झालेली एक शिक्षिका गावात येते. १८व्या पानावर, चारचौघांत बसलेली असताना, ती सहज विचारते, “कारखाना तर बंद आहे ना? मग भोंगा कोण देतं?” कुणी दचकत नाही. एकजण तिला विचारतो, खोली आवडली का. दुसरा उठून निघून जातो. घरमालकीण खिडकी लावून घेते. बस्स, एवढाच सीन. मी लिहिलेला तो सगळ्यात चांगला सीन होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

मागची गोष्ट अशी. रात्रपाळीला आग लागली, दाराला बाहेरून कुलूप होतं, १४ जण आतच राहिले. गावात सांगितली जाते ती गोष्ट: पहारेकऱ्याने कुलूप घातलं, पिऊन झोपला, पुढे त्यानेच जीव दिला. झालेली गोष्ट: मालाची चोरी होत होती, ती थांबावी म्हणून रात्रपाळीला कुलूप घालायचं हे दिवसपाळीवाल्यांनीच ठरवलं होतं आणि किल्ली पहारेकऱ्याकडे कधीच नव्हती. आग लागल्यावर तो अर्धा तास भोंगा देत राहिला, किल्ली घेऊन कुणीतरी येईल म्हणून. अख्ख्या गावाने तो ऐकला. ज्याच्याकडे किल्ली होती तो घराबाहेर पडला नाही. आणि अजून, रोज, तो बिचारा किल्लीच मागतोय.

माझ्या सहलेखकाने काय केलं? आग पहिल्या पाच मिनिटांत आणून ठेवली. ज्वाळा, कुलूप, जाळीतून बाहेर आलेले हात, भोंग्याला लटकलेला पहारेकरी. मग काळा पडदा आणि ‘१९ वर्षांनंतर’. म्हणे, याला हुक म्हणतात, प्रेक्षकाला सुरुवातीलाच अडकवणारा गळ.

मी म्हटलं, यात मजा जाते. तो म्हणाला, मजा म्हणजे काय ते सांग. मला सांगता येईना. मग त्याने हुकमाचं पान टाकलं: दिग्दर्शक जॉन कार्पेंटरचा भयपट ‘द फॉग’, १९८० सालचा. समुद्रकाठचं छोटं गाव, गावाला १०० वर्षं पूर्ण होतायत आणि धुक्यातून मेलेले खलाशी परत येतात. सिनेमा सुरू होतो तोच मुळी मध्यरात्रीला पाच मिनिटं कमी असताना. किनाऱ्यावर शेकोटीभोवती बसलेल्या पोरांना एक म्हातारा बुडालेल्या जहाजाची गोष्ट सांगतो. बरं, हा प्रसंग आधी नव्हताच. पहिल्या संकलनावर कार्पेंटर नाखूश होता, म्हणून त्याने बराच भाग नव्याने चित्रित केला, त्यात हा म्हातारा आला. “बघ,” माझा मित्र म्हणाला, “कार्पेंटरलासुद्धा शेवटी मागची गोष्ट पुढे आणावी लागली.” मी गप्प. आग पुढे गेली.

आणि आग पुढे गेल्यावर १८वं पान मेलं. प्रेक्षकाला भोंग्याचं सगळं आधीच माहीत, तेव्हा शिक्षिकेच्या प्रश्नात प्रश्नच उरला नाही. तिला कळायला अजून ६० पानं लागणार आणि तोवर प्रेक्षकाने काय करायचं? तिची वाट बघायची. तुमचा मधला भाग रखडतोय म्हणालात ना, बहुतेक हेच झालंय. घटना कमी पडत नाहीयेत. तुमचा प्रेक्षक नायिकेच्या पुढे निघून गेलाय आणि कठड्यावर बसून तिची वाट पाहतोय. आम्हीही ते रखडणं घालवायला एक मृत्यू वाढवला, मग आणखी एक. दोन मढ्यांनंतरही तेवढंच रखडत होतं.

माझ्या मित्राच्या हुकमाच्या पानाला उत्तर मला तीन वर्षांनी मिळालं. ‘द फॉग’ परत बघत होतो आणि म्हाताऱ्याचं बोलणं या वेळी नीट ऐकलं. तो काय सांगतो? जहाज धुक्यात अडकलं, किनाऱ्यावर शेकोटी दिसली, तिच्या दिशेने गेलं, खडकांवर फुटलं, माणसं बुडाली. म्हणजे अपघात. पोरांना शेकोटीपाशी सांगायची गोष्ट. ती शेकोटी गाव वसवणाऱ्या सहा जणांनी मुद्दाम पेटवली होती हे त्यात कुठेही नाही. जहाजावर कुष्ठरोगी होते, त्यांची वस्ती शेजारी नको होती आणि त्यांचं सोनं मात्र हवं होतं, हेही नाही. ते येतं चर्चच्या भिंतीतून निघालेल्या रोजनिशीतून, बऱ्याच उशिरा, आणि सोन्याचं पुढे काय झालं ते तर अगदी शेवटी. म्हणजे कार्पेंटरने खरी गोष्ट पुढे आणलेलीच नाही. गाव जी सांगतं ती आणली. माझ्या मित्राने मात्र खरी गोष्टच पहिल्या पाच मिनिटांत जाळून टाकली.

छोट्या गावाच्या भयपटाचा सांगाडा माझ्या मते एवढाच आहे: एका घटनेच्या दोन गोष्टी. एक गाव सांगतं, एक गाव लपवतं. पहिली लवकर द्या, हवी तर पहिल्या मिनिटाला द्या. दुसरी दाबून ठेवा. ‘पोल्टरगाइस्ट’ (१९८२) हा अमेरिकी भयपट आठवा. वसाहतीच्या जागी आधी दफनभूमी होती, ती आम्ही हलवली, असं बिल्डर मध्येच कधीतरी अगदी सहज, धंद्याची बाब म्हणून बोलून जातो. प्रेक्षकाला वाटतं, मिळालं कारण. शेवटी जमिनीतून शवपेट्या वर यायला लागतात तेव्हा कळतं की नुसते वरचे दगड हलवले होते, प्रेतं तिथेच होती. पहिली गोष्ट खोटी नव्हती, अर्धी होती. निव्वळ खोट्यापेक्षा अर्ध्या खऱ्यावर प्रेक्षक जास्त विसंबतो, म्हणून ती अर्धीच ठेवायची.

तेव्हा उलगडा कुठे, तर दोन ठिकाणी. पानांचे आकडे मागू नका, तुमच्या गोष्टीचा मला पत्ता नाही.

आता मधल्या ६० पानांबद्दल, कारण मला खरा राग त्यांच्यावरच आहे. नोएल कॅरोल नावाच्या तत्त्वज्ञाने १९९० च्या ‘द फिलॉसॉफी ऑफ हॉरर’ या पुस्तकात भयकथेच्या नेहमीच्या बांधणीचे चार टप्पे सांगितलेत. संकट येतं, कुणाला तरी त्याचा शोध लागतो, मग तो ते इतरांना पटवतो, शेवटी सामना. गंमत तिसऱ्या टप्प्यात आहे. मोठ्या शहरातल्या गोष्टीत नायिका पोलिसांकडे जाते, ते हसतात, ती पुरावा आणते. ठीक आहे. पण छोट्या गावात पोलीसही तिथलाच, त्याचा काका दिवसपाळीला होता. तो हसत नाही. त्याला ठाऊक असतं. डॉक्टरला ठाऊक असतं, मुख्याध्यापकाला ठाऊक असतं. तुमच्या नायिकेला वाटतं आपण या लोकांना भुताबद्दल पटवतोय, आणि ते मात्र अंदाज घेत असतात की हिला नक्की कितपत कळलंय. हे एकदा ध्यानात आलं की मधल्या भागात भूत फार लागतच नाही. प्रत्येक भेट ही घासाघीस होते. डॉक्टर कुलपाचं सांगेल पण किल्लीचं नाही, कारण किल्ली म्हटलं की त्याचा भाऊ येतो. दुसरा किल्लीचं सांगेल पण स्वतः त्या रात्री जागा होता हे गिळेल. ज्याने त्याने आपल्या वाटणीचं पाप झाकलेलं. नायिकेने हे तुकडे कोणत्या क्रमाने गोळा करायचे, तीच तुमची कथारचना.

मालक हा खलनायक करायचा नाही, यावरही आमचं वाजलं होतं. मित्राला हवा होता गाडीतून येणारा मालक. अरे, मालक बाहेरचा. त्याला दोषी ठरवलं की गाव सुटलं, आणि गाव सुटलं तर भोंगा गावात कशाला वाजेल? दोष गावातच हवा आणि वाटलेला हवा.

भूत किती वेळा दाखवावं हे मला विचारू नका, कमी दाखवा एवढंच म्हणेन. त्यापेक्षा आकडा द्या. ‘द फॉग’मध्ये कट करणारे सहा, म्हणून बळी सहा. एकदा हे कळलं की प्रेक्षक स्वतःच मोजायला लागतो आणि शेवटी धुकं हटल्यावर हिशेबात एक कमी आहे हे तो विसरत नाही. ‘स्त्री’ या हिंदी भयपटात (२०१८) भिंतीभिंतीवर भुताला, म्हणजे त्या स्त्रीला, उद्या यायची विनंती लिहिलेली असते, उत्सवाच्या चार रात्री असतात. नियम आणि मुदत, दोन्ही गावाच्या तोंडी. भुताला बोलायची गरजच पडत नाही. आमच्यात १४ माणसं होती आणि त्या आकड्याचं आम्ही काहीही केलं नाही. ती चूक माझी.

आणि एवढं बोललोच आहे तर हेही सांगतो. नंतर मित्राने एकट्याने त्यावर १२ मिनिटांचा लघुपट केला, आग पुढे ठेवूनच. मी मागच्या रांगेत जाऊन बसलो, तो पडावा अशी मनातून इच्छा होती. पडला नाही. जाळीतून हात बाहेर आले तेव्हा माझ्या शेजारचा माणूस पाय वर घेऊन बसला. १२ मिनिटांत दोन गोष्टी मावत नाहीत, तिथे त्याचं बरोबर होतं. शिवाय माझ्या खर्ड्यात १८व्या पानाआधीची १७ पानं म्हणजे शिक्षिका सामान लावते, खिडकीतून बघते, पुन्हा सामान लावते. तो कंटाळला होता ते उगाच नाही. त्याला काहीतरी पुढे हवं होतं, आणि ते मी दिलं नाही म्हणून त्याने हाताला लागलं ते पुढे आणलं. तेव्हा मी म्हणायला हवं होतं, आग नको, पहारेकऱ्याला शिव्या घालणारी गावाची गोष्ट पुढे आण. पोरांच्या खेळात आण, ‘पहारेकरी झोपला’ म्हणत एकमेकांना कोंडणारी पोरं. सुचलं नाही. असलं नेमकं भांडण मिटून तीन वर्षं झाल्यावर सुचतं.

तुमच्या मित्राला एकच विचारा: तू पुढे आणायला सांगतोयस ती घटना कुणी सांगितलेली आहे, की कॅमेऱ्याने पाहिलेली? गावातलं कुणी सांगत असेल तर खुशाल पुढे आणा, सांगणारा खोटं बोलू शकतो. कॅमेऱ्याने पाहिलेली असेल तर तुमच्याकडे लपवायला काही उरणार नाही. (हीच घटना तीन जणांच्या तोंडून तीन तऱ्हांनी दाखवायची असेल तर हा नियम लागू नाही. पण तो खेळ वेगळा आणि पहिल्या पटकथेत नको.)

आमची फाइल माझ्याकडे अजून आहे. १८वं पान परत घातलंय, आधीची १७ पानं सहावर आणलीत. किल्ली कुणाकडे होती यावर आमचं शेवटपर्यंत एकमत झालं नव्हतं. मित्रा, तू हे वाचत असशील तर सांगतो, ती घरमालकिणीच्या घरात होती. तिचा नवरा दिवसपाळीचा मुकादम, किल्ली दाराजवळच्या खिळ्याला. भोंगा सुरू झाला तेव्हा तो झोपला होता आणि ती जागी होती. तिने उठून खिडकी लावून घेतली.