पुलाच्या दगडावरचे फूट

प्रश्न : पावसाळ्यात ‘आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर’ अशा बातम्या येतात. सांगलीत मोजणी याच पुलाजवळ का?

उत्तर : मी सांगलीकर, त्यामुळे हे आकडे आम्हाला घरच्या पत्त्यासारखे पाठ! सांगली आणि सांगलीवाडी जोडणारा हा दगडी कमानींचा पूल संस्थानकाळातला. सांगली संस्थानचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या कारकिर्दीत, १९२९ साली तो खुला झाला आणि तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचं नाव त्याला मिळालं. कृष्णा इथे शहराला अगदी खेटून वाहते, म्हणून इथली पातळी म्हणजे थेट शहराचा धोका. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

कमानीतले दगड वरच्या भाराने एकमेकांवर दाबले जातात आणि तो भार खांबांत उतरतो. म्हणून अशी बांधणी टिकते. पण पुराचं पाणी पायथ्याची माती खरवडतं. कमान कितीही भक्कम असो, पाया तपासलाच पाहिजे. महाडचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्यांसह. दर पावसाळ्याआधी पाण्याखालची पाहणी झालीच पाहिजे, हे मी कळकळीने सांगते.