म्युझस्कोरमध्ये सुरुवात करताना

भावा, म्युझस्कोर म्हणजे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर, त्यात आधी पट्टी (गाण्याची स्केल) सेट कर. आपल्या सोलापुरात बँडवाले, पेटीवाले सगळे काळी पाच (पेटीवरची पाचवी काळी) म्हणतात, ती टाकताना ए शार्प (♯, अर्धा सूर वर) न घेता बी फ्लॅट (♭, अर्धा सूर खाली) मेजर घे, सुरुवातीलाच दोन फ्लॅटची चिन्हं लागतात, नाहीतर सुरासुरापुढं चिन्ह टाकत बसशील. पट्टीबाहेरचा सूर असला तर सिलेक्ट करून वरचा-खालचा बाण, अर्धा सूर सरकतो. शार्प दिसतोय पण फ्लॅट हवाय, तर कीबोर्डवरचं J बटण दाब. आणि टाकलेलं चिन्ह त्या बारपुरतंच (दोन उभ्या रेघांमधल्या भागापुरतंच) चालतं, हे लय जण विसरतात.

कॉर्डचं (एकत्र वाजणाऱ्या सुरांचं) नाव टाकायला सूर निवडून Ctrl+K दाब. बी फ्लॅट म्हणजे कॅपिटल बीला चिकटून स्मॉल बी, शार्पला हॅश, स्पेस दाबलं की पुढं. साध्या टेक्स्टमध्ये कॉर्ड लिहू नकोस, ट्रान्सपोज केल्यावर (पट्टी बदलल्यावर) बदलत नाहीत. सस, डिमिनिश हे कॉर्डचे प्रकार नंतर बघू.